चाकांवरचे महाल बघताना

दिल्लीच्या चाणक्यपुरीत, परदेशी वकिलातींच्या शेजारी, राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. सुमारे 11 एकरांच्या आवारात हिरवळ, झाडं, लहान मुलांना फिरवून आणणारी छोटी गाडी आणि रुळांच्या तुकड्यांवर कायमची विसावलेली जुनी इंजिनं नि डबे. सुटीच्या दिवशी इथे एखाद्या बागेसारखी गर्दी लोटते. मुलं थेट इंजिनांकडे धाव घेतात, मोठी माणसं फोटो काढत मागून येतात. हिंडता हिंडता मंडळी काही वेगळ्याच डब्यांपाशी पोचतात. बाहेरून हे डबे जुन्या गाडीचे वाटतात, पण खिडकीच्या काचेवर हात टेकवून आत पाहिलं की पलंग दिसतो, नक्षीदार लाकूड दिसतं, एखादी शाही खुर्ची दिसते. रेल्वेची माणसं अशा खासगी डब्याला सलून म्हणतात.

इंग्लंडच्या युवराजांसाठी 1875 साली बांधलेलं सलून इथे आहे. बडोद्याच्या गायकवाडांचं 1886 चं आहे, म्हैसूरच्या महाराजांचं 1899 चं आहे, इंदूरच्या होळकरांचंही आहे. म्हैसूरच्या सलूनमध्ये ब्रह्मदेशी सागवान, सोनं आणि हस्तिदंत यांचं काम आहे. बघणाऱ्याच्या तोंडून सहज निघतं, "काय थाट होता राव!"

थाट होताच. पण तेवढं म्हणून पुढे गेलो, तर त्या डब्याने सांगण्यासारख्या गोष्टींपैकी निम्म्याही आपल्या पदरात पडत नाहीत. सलून हे एक यंत्र आहे, कारागिरीचा नमुना आहे आणि त्या काळच्या समाजाचा दस्तऐवजही आहे. या तिन्ही अंगांनी त्याच्याकडे पाहायला हवं.

संस्थानिक आणि रेल्वे

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. 34 किलोमीटर अंतर, 14 डबे आणि सुमारे 400 निमंत्रित. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत देशभरच्या संस्थानिकांच्या लक्षात आलं की रेल्वे आपल्या मुलखात येणं ही व्यापाराची गरज आहे आणि प्रतिष्ठेची बाबही. यात मराठी राजघराणी मागे नव्हती. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी 1862 साली डभोई ते मियागाम असा अरुंद रुळांचा मार्ग घातला. देशातली ही पहिली नॅरोगेज. रूळ इतके हलके होते की सुरुवातीला डबे ओढायला बैल जुंपले जात. इंदूरच्या दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खांडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं, तेही साडेचार टक्के व्याजाने आणि 101 वर्षांच्या मुदतीने. कोल्हापूर संस्थानाचा मिरज-कोल्हापूर मार्ग 1891 मध्ये सुरू झाला. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांना तर रेल्वेचा असा नाद, की जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी चांदीची छोटी आगगाडी फिरवली. पाहुण्यांपुढे ती पेयं नि सुकामेवा घेऊन येई. ती आजही तिथे पाहायला मिळते.

या पार्श्वभूमीवर 1886 चं गायकवाडी सलून पाहिलं की त्याचं मोल कळतं. बैलांनी ओढलेल्या डब्यांपासून या सलूनपर्यंत अवघी 24 वर्षं गेली होती. सलून बांधलं गेलं तेव्हा गादीवर सयाजीराव होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आलेला हा मुलगा 1875 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, बडोद्याचा महाराजा झाला. त्याच वर्षी इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले आणि त्या दौऱ्यात बडोद्यालाही जाऊन गेले. त्या युवराजांसाठी बांधलेलं सलून आणि सयाजीरावांच्या काळातलं सलून आज एकाच आवारात उभं आहे.

डबा नव्हे, फिरतं घर

सलूनमध्ये इतकं सामानसुमान कशाला, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर त्या काळच्या गाड्यांच्या रचनेत आहे. आज आपण चालत्या गाडीत एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जातो. तेव्हा डबे आतून जोडलेले नसत. गाडी सुटली की पुढचं स्टेशन येईपर्यंत माणूस आपल्या डब्यात अडकलेला. जेवण, पाणी, औषध, नोकर, जे काही लागेल ते सारं त्याच डब्यात हवं, नाहीतर पुढच्या स्टेशनापर्यंत थांबायचं. राजाला असं थांबवणार कोण? म्हणून त्याच्या डब्यात निजायची खोली, बैठक, न्हाणीघर, नोकरांची जागा आणि जमलं तर स्वयंपाकघरही बसवलं जाई.

मोठी अडचण होती उन्हाची. एप्रिल-मे महिन्यात माळरानावरून धावणारा लाकडी डबा भट्टीसारखा तापे. त्यावर तेव्हाच्या कारागिरांनी काढलेले उपाय आजही पाहण्यासारखे आहेत. पहिला उपाय दुहेरी छताचा. दोन छतांमध्ये हवेची पोकळी ठेवली की वरचं छत तापलं तरी आच खाली कमी उतरते. अनेक डब्यांचा छताचा मधला भाग उंच उचललेला असे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या खिडक्या असत. तिथून गरम हवा निघून जाई, वरून उजेडही येई. बाजूच्या खिडक्यांवर बाहेर झुकलेल्या झडपा असत, म्हणजे ऊन थेट आत येत नसे. उन्हाळ्यात वरिष्ठ वर्गांच्या डब्यांना वाळ्याचे पडदे लावत आणि त्यांवर पाणी सोडत. गाडीच्या वेगाने वारा त्यातून आत शिरे आणि ओल्या वाळ्याचा थंडावा घेऊन येई. वीज नव्हती, पण हवेचं आणि बाष्पीभवनाचं गणित त्यांना नेमकं ठाऊक होतं.

उजेडाची सोय वेगळी पाहावी लागे. सुरुवातीच्या डब्यांत तेलाचे दिवे असत आणि ते छताला पाडलेल्या भोकांतून वरूनच आत सोडत. संध्याकाळी स्टेशनवर दिवेवाला टपावरून चालत जाऊन दिवे लावी. पुढे गॅसचे दिवे आले, मग चाकांच्या आसाला पट्टा जोडून डायनॅमो फिरवण्याची युक्ती आली. पाण्यासाठी छताजवळ टाकी असे, तिथून ते वजनाने खाली येई. हे सारं बसवायचं ते रुळाच्या रुंदीला मापून ठरलेल्या जागेत.

आणि ही रुंदी ठिकठिकाणी वेगळी होती. ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, मीटरगेज 1000 आणि नॅरोगेज बहुतेक ठिकाणी 762. म्हैसूर संस्थानात मीटरगेजचं जाळं होतं, मुंबई-पुण्याकडे ब्रॉडगेजचं. गेज बदलणाऱ्या जंक्शनवर मोठ्यात मोठ्या राजालाही आपला महाल सोडून दुसऱ्या गाडीत बसावं लागे. सलून कुठल्या राज्याचं हे त्याच्या राजचिन्हावरून कळतं, पण ते कुठवर जाऊ शकत होतं हे कळायला खाली वाकून चाकांमधलं अंतर पाहावं लागतं.

महाराणींचं स्वयंपाकघर

हे सगळं जवळून पाहायचं तर म्हैसूरला जावं. तिथलं रेल्वे संग्रहालय 1979 मध्ये सुरू झालं. स्टेशनाजवळ, झाडांच्या सावलीत, आटोपशीर आवार. दिल्लीच्या मानाने लहान, आणि म्हणूनच निवांत. तिथल्या श्रीरंग दालनात महाराणींचं 1899 चं सलून आहे, आणि त्याच्यासोबत स्वयंपाकघर, जेवणाची जागा आणि शाही शौचालयही जपलेलं आहे.

1899 साली म्हैसूरचा कारभार राजमाता केंपनंजम्मण्णी पाहत होत्या. मुलगा कृष्णराज वडियार अजून वयात आलेला नव्हता, म्हणून 1895 ते 1902 या काळात रीजंट म्हणून राज्याची सूत्रं त्यांच्या हाती होती. राणीचं सलून म्हटलं की आपल्याला आरसे आणि रेशीम आठवतं, पण तेव्हा म्हैसूरची राणी राज्य चालवत होती हे ध्यानात ठेवून या डब्याकडे पाहिलं की त्याचा अर्थ बदलतो. पडद्याची चाल पाळणाऱ्या घराण्यातल्या बाईला राज्यभर फिरायचं तर अशा डब्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. स्टेशनवर कनाती लागत, खिडक्यांच्या झडपा बंद होत. बंद दाराआडून का होईना, पण तिला आपला मुलूख पाहता येई.

स्वयंपाकघर तर मुद्दाम थांबून पाहावं असं. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरात कुणाच्या हातचं खायचं आणि पाणी कुठलं, हे मोठे प्रश्न होते. स्टेशनावरचं अन्न चालणार नव्हतं. म्हणजे चूल सोबत न्यायची. लाकडी डब्यात, धावत्या गाडीत, विस्तव सांभाळत, हिसके खात स्वयंपाक करायचा. ज्यांनी तो केला त्यांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत. पण त्या छोट्या जागेत उभं राहून भात उतरवणाऱ्या माणसाची कल्पना केली, की सलूनमधल्या सोन्याच्या कामाइतकंच आपलं लक्ष तिथे गुंतून राहतं.

बाहेर उभी असलेली माणसं

दिल्लीच्या संग्रहालयात एक पत्र जपून ठेवलं आहे. 1909 साली अखिलचंद्र सेन या बंगाली प्रवाशाने ते रेल्वेच्या साहिबगंज कार्यालयाला लिहिलं. फणस खाऊन पोट बिघडलं म्हणून अहमदपूर स्टेशनवर ते खाली उतरले. एवढ्यात गार्डने शिट्टी दिली. एका हातात लोटा आणि दुसऱ्या हाताने धोतर सावरत धावताना ते फलाटावर पडले. सगळ्यांसमोर लाज गेली आणि गाडीही गेली. गार्डला दंड करा, नाहीतर वर्तमानपत्रांत छापून आणतो, असं त्यांनी बजावलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीतलं ते पत्र वाचून लोक हसतात. पण त्यामागचं वास्तव हसण्यासारखं नाही. रेल्वे सुरू होऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली तरी खालच्या वर्गांच्या डब्यांत शौचालय नव्हतं. वरच्या वर्गांना ते आधीच मिळालं होतं. खालच्या वर्गांत ही सोय होण्याचं श्रेय पुढे या पत्राला दिलं जाऊ लागलं.

म्हैसूरच्या सलूनमधलं शाही शौचालय 1899 चं, सेनबाबूंचं पत्र 1909 चं. ही दोन वर्षं शेजारी ठेवून पाहिली की सलूनचा खरा इतिहास उलगडतो. ज्या रुळांवरून हे महाल धावत होते, त्याच रुळांवरून लाखो माणसं लाकडी बाकांवर खेटून, पोट आवळून प्रवास करत होती. गांधीजी 1915 मध्ये मायदेशी परत आल्यानंतर तिसऱ्या वर्गातून देशभर हिंडले आणि 1917 मध्ये त्या वर्गाच्या हालांवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. रेल्वेला सर्वाधिक उत्पन्न देणाऱ्या प्रवाशालाच सर्वांत वाईट वागणूक मिळते, हा त्यांचा मुद्दा होता.

हेच अंतर आपल्या ओळखीच्या गाडीतही होतं. 1 जून 1930 रोजी सुरू झालेली दख्खनची राणी ही त्या काळची आलिशान गाडी. तिच्या डब्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडहून आल्या, वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले. सुरुवातीला तिच्यात फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. सामान्य माणसासाठी तिसऱ्या वर्गाची दारं उघडली ती 1955 मध्ये. आज मुंबई-पुणे ये-जा करणाऱ्या नोकरदारांना ती आपली हक्काची गाडी वाटते. पण तो हक्क यायला पंचवीस वर्षं लागली.

महालांचं पुढे काय झालं

स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली, त्यांच्या रेल्वे भारतीय रेल्वेत सामावल्या. सलूनना मालक उरला नाही. त्यात काळही बदलला. 1955 मध्ये पेरांबूरला इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली आणि पोलादी डबे मोठ्या संख्येने येऊ लागले. अपघातात लाकडी डब्याच्या फळ्यांच्या चिरफळ्या होत, आग लागली तर तो पेटून उठे. पोलादी डबा कितीतरी सुरक्षित होता. लाकडी डबे मोडीत निघणं अटळ होतं आणि योग्यही होतं. काही सलूनं अधिकाऱ्यांच्या तपासणी दौऱ्यांना गेली, काही कुठल्याशा यार्डात गवतात उभी राहिली.

सगळीच वाया गेली नाहीत, याचं श्रेय ज्यांना द्यायला हवं त्यांत मायकेल सॅटो हे नाव येतं. भारतात नोकरीला असलेल्या या इंग्रज गृहस्थांना जुन्या रेल्वेचं वेड होतं. 1962 मध्ये पतियाळाच्या एका सरकारी आवारात त्यांना तिथल्या जुन्या एकरुळी रेल्वेचे अवशेष सापडले. ती गाडी पुढे अमृतसरच्या कारखान्यात दुरुस्त झाली आणि आज दिल्लीच्या संग्रहालयात आहे. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाची पायाभरणी 7 ऑक्टोबर 1971 रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते झाली आणि 1 फेब्रुवारी 1977 रोजी ते खुलं झालं. सॅटो त्याचे सल्लागार होते.

काही शाही डबे पुन्हा रुळांवरही धावले. 26 जानेवारी 1982 रोजी निघालेल्या पॅलेस ऑन व्हील्स या पर्यटन गाडीला आधी जुनेच संस्थानी डबे जोडले होते. ते थकल्यावर त्याच धाटणीचे नवे डबे बांधण्यात आले. राष्ट्रपतींसाठी 1956 मध्ये बांधलेलं सलून 1977 नंतर तब्बल 26 वर्षं उभंच होतं. 2003 मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांनी बिहारमध्ये त्यातून प्रवास केला.

जपणं म्हणजे रंगवणं नव्हे

उघड्यावर ठेवलेल्या लाकडी डब्याला शत्रू फार. उन्हाने व्हार्निशला तडे जातात, त्या तड्यांतून पावसाचं पाणी शिरतं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, सांधे सुटतात. सगळ्यांत वाईट जागा म्हणजे जिथे लाकूड लोखंडाला भेटतं ती. तिथे ओल साचते, लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि आतून फळी उचलतो. बाहेरून डबा ठणठणीत दिसतो तेव्हा आतला सांगाडा कुजलेला असू शकतो. छताच्या फळ्यांवर पूर्वी जाड कॅनव्हास ताणून त्यावर रंगाचे थर देत. तो कॅनव्हास एकदा फाटला की डब्याचे दिवस भरले. त्यात वाळवी आहेच.

चांगला दुरुस्तीवाला म्हणूनच आधी ब्रश हाती घेत नाही. तो डब्याचा एखादा कोपरा निवडून रंगाचे थर एकेक करून खरवडतो. वरचा तपकिरी, त्याखालचा लाल, त्याखालचा आणखी कुठला तरी. या थरांतून डबा कोणत्या काळात कोणत्या रंगाचा होता ते कळतं. कुजलेली फळी काढली तर ती का काढली आणि जागी कुठलं लाकूड बसवलं याची नोंद तो ठेवतो. जुनं जितकं टिकवता येईल तितकं टिकवतो, आणि नवं घातलेलं पुढे काढता येईल अशा बेताने घालतो. सोन्याच्या वर्खाच्या जागी बाजारातला सोनेरी रंग फासला की डबा चकचकीत दिसतो खरा, पण वर्ख कसा चढवला होता, कारागिराचा हात कुठे थांबला होता, ही सारी माहिती त्या रंगाखाली कायमची गाडली जाते. दुरुस्तीच्या नावाखाली इतिहास पुसला जातो तो असा.

म्हणून अशा ठिकाणी गेलं की काही गोष्टी आवर्जून पाहाव्यात. डब्यावर छप्पर आहे का, की तो पावसात उभा आहे? काय मूळचं आहे आणि काय नवं बसवलं आहे, हे फलकावर सांगितलं आहे का? डबा कुठल्या कारखान्यात बांधला, हे नोंदवलं आहे का? राजाचं नाव प्रत्येक फलकावर असतं. ज्या सुतारांनी, लोहारांनी, रंगाऱ्यांनी आणि गाद्या शिवणाऱ्यांनी डबा उभा केला, त्यांचा निदान उल्लेख तरी आहे का? मुलं सोबत असतील तर पलंग दाखवून झाल्यावर त्यांना खाली वाकून चाकं नि कमानी दाखवाव्यात. डब्याचं छत वर का उचललंय, खिडकीवर झडप कशाला, नोकर कुठे बसत असेल, असे प्रश्न त्यांना विचारावेत. उत्तरं ती स्वतः शोधतात, आणि शोधलेली विसरत नाहीत.

त्यासाठी दिल्ली-म्हैसूरच गाठायला हवं असंही नाही. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. सातपुड्यातल्या छोट्या गाड्यांचा वारसा तिथे सांभाळला आहे. आपल्याकडच्या कित्येक मोठ्या स्टेशनांबाहेर एखादं जुनं इंजिन शोभेला ठेवलेलं असतं, आणि दर एक-दोन वर्षांनी त्यावर तेलरंगाचा आणखी एक हात फिरतो. एवढ्यावर समाधान मानायचं कारण नाही. त्यावर साधं पत्र्याचं छप्पर, शेजारी नीट लिहिलेला मराठी फलक आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी, इतकं झालं तरी त्या वस्तूचं आयुष्य कितीतरी वाढेल.

हे डबे एकेकाळी एकेका घराण्याचे होते आणि सामान्य माणसाला त्यांच्या आसपास फिरकायचीही मुभा नव्हती. आज ते सार्वजनिक पैशातून जपले जातात आणि नाममात्र तिकिटावर कुणीही त्यांच्या खिडकीशी उभं राहू शकतं. मालकी बदलली तशी जबाबदारीही बदलली. संग्रहालयाच्या अभिप्राय वहीत "छान आहे" एवढंच न लिहिता छप्पर गळतंय, फलक अपुरा आहे, ही नोंद चुकलेली आहे, असं नेमकेपणाने लिहिणारा प्रेक्षक या वारशाचा खरा राखणदार आहे. सेनबाबूंनी एक पत्र लिहिलं आणि ते शंभराहून अधिक वर्षं टिकलं. आपल्यालाही लिहिता येतं.